आधी पडणं मोजा, मग चिलखत घ्या

नोव्हेंबर उजाडला की आमच्या फरीज बिन ओमरानमध्ये गुरुवारी रात्री सायकली खाली उतरतात. उन्हाळाभर गॅलरीत धूळ खात पडलेल्या माउंटन बाइकच्या चाकांत हवा भरली जाते, साखळीला तेल मिळतं, आणि शुक्रवारी पहाटे गाडीमागच्या रॅकवर चढून ही वरात दुखान रस्त्याने झिकरीतकडे निघते. वाचकहो, तुम्ही मस्कतला असा, दुबईत असा नाहीतर सिडनीला, अशी वरात तुमच्याही ओळखीची असणार. आणि वरात निघण्याआधीचा वादही ओळखीचाच असणार: अंगावर काय काय चढवायचं?

या वादात आपल्या मंडळींचे दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, "आम्ही नळीखालून पाय घालून सायकल शिकलो, तेव्हा कुठे होतं हेल्मेट? काही झालं का?" दुसरा पक्ष काही म्हणत नाही, तो सरळ दुकानात जातो. हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारं हेल्मेट, छाती-पाठीचं कवच, कोपरांचे पॅड, गुडघ्यांचे पॅड, नडगीच्या पट्ट्या. पार्किंगमध्ये उभा राहिला की पानिपतावर निघाल्यासारखा दिसतो.

माझं भांडण दोघांशीही आहे. दोघंही पडण्याचा विचारच करत नाहीत. एक आपल्या बालपणाकडे पाहून ठरवतो, दुसरा दुकानातल्या फळीकडे पाहून.

माझं स्वतःचं पडणं सांगतो, म्हणजे हा उपदेश कोरडा वाटणार नाही. दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. वाळवंटात रिचर्ड सेराने 2014 साली उभ्या केलेल्या त्या चार उंच पोलादी पट्ट्या आहेत ना, त्यांच्या पलीकडे चुनखडीची टेकाडं लागतात. उतारही म्हणवणार नाही अशा एका उतारावर पुढचं चाक दोन दगडांमधल्या भुसभुशीत वाळूत रुतलं आणि मी हँडलवरून पुढे गेलो. वेग सायकल शिकणाऱ्या पोराचा. हातमोजे गरम होतात म्हणून खिशात ठेवले होते. डाव्या तळहाताची साल गेली, गुडघ्याला टाके पडले, तीन आठवडे त्या हाताने चहाचा कप उचलता आला नाही. डोक्याला काहीच झालं नाही. घरी येऊन हेल्मेट उलटं करून पाहिलं, तेव्हा आतल्या फोमला कपाळापासून कानापर्यंत भेग गेलेली दिसली. ती भेग कवटीला गेली असती तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता, आणि तो श्रद्धांजलीच्या सदरात छापावा लागला असता.

"आम्हाला काही झालं नाही" म्हणणाऱ्यांना माझं पहिलं उत्तर हेच. ज्यांना झालं ते तुमच्याशी वाद घालायला येत नाहीत. दुसरं उत्तर आकड्यांत आहे. सायकलच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी, म्हणजे ईएन 1078, काय करते? आत नकली डोकं बसवलेलं हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडावर आपटते. आपटताना वेग असतो सेकंदाला 5.42 मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. दीड मीटर ही जवळपास सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याची उंची. म्हणजे ही वस्तू घडवली आहे ती नुसतं तोल जाऊन जमिनीवर आपटण्यासाठी. "मी हळूच चालवतो, मला कशाला?" हा युक्तिवाद म्हणूनच पोकळ आहे. हळू चालवणाऱ्याचं डोकंसुद्धा तेवढ्याच उंचीवरून खाली येतं.

हेल्मेटविरोध हा पुणेरी आजार आहे असं कुणी हसून म्हणेल. 1 जानेवारी 2019 पासून पुण्यात दुचाकीस्वारांवर हेल्मेटची कारवाई कडक झाली, तेव्हा त्याविरुद्ध मोर्चे निघाले, हे आपण इथे बसून टीव्हीवर पाहिलं आणि हसलो. पण जगातले उत्तम सायकलपटूही याच वाटेने गेले आहेत. 1991 साली पॅरिस-नीस शर्यतीत हेल्मेटसक्तीविरुद्ध स्वारांनी संप केला, आणि सक्ती मागे पडली. 2003 साली त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव हेल्मेटविना पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर काही आठवड्यांत जागतिक सायकल संघटनेने हेल्मेट सक्तीचं केलं. मधल्या बारा वर्षांत डोकी बदलली नव्हती, रस्ते बदलले नव्हते. एक जीव जावा लागला. 'शिर सलामत तर पगडी पचास' म्हणणाऱ्या समाजाला हे वेगळं शिकवावं लागू नये.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. चिलखतवाल्यांनो, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही राहता कुठे ते विसरता. कतारमध्ये शरीराला दोन गोष्टींपासून वाचवायचं असतं: दगडापासून आणि उष्णतेपासून. 2021 च्या नियमानुसार इथे 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. एवढंच नाही, ऊन, दमटपणा, वारा आणि हवेचं तापमान एकत्र धरून काढलेला निर्देशांक 32.1 अंशांवर गेला की वेळ कोणतीही असो, काम थांबवावं लागतं. सरकारने ही रेघ धडधाकट, कामाला सरावलेल्या मजुरांसाठी आखली आहे. आणि आपण, आठवडाभर एसीत खुर्ची उबवणारे, सप्टेंबरच्या दमट सकाळी छाती-पाठ-कोपर-गुडघे गुंडाळून, तोंडावर बंद हेल्मेट चढवून निघतो! हेल्मेटच्या भोकांतून वारा खेळतो तो सायकल पळत असताना. वाळूत ताशी सहा किलोमीटरने धापा टाकताना आत भट्टी पेटते. माणसाला गरगरतं, आणि गरगरलं की तो पडतो. पडण्यापासून वाचण्यासाठी घातलेल्या वस्तूंनीच पडणं, याला काय म्हणायचं?

चिलखताचा आणखी एक तोटा आहे, तो मी आमच्याच गटात पाहिला आहे. अंगावर कवच चढलं की कालपर्यंत उतरून ढकलत नेण्याची जागा आज अचानक सोपी दिसायला लागते. कवच विकत मिळतं, ब्रेक कधी दाबायचा ते विकत मिळत नाही.

मग किती घालायचं? माझं उत्तर सोपं आहे: ज्या पडण्याची शक्यता खरी आहे, त्या पडण्याइतकं. निघण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. आज माझा वेग किती असणार? जमीन कशाची आहे? आणि मदत किती लांब आहे?

या तीन प्रश्नांची उत्तरं काहीही असोत, हेल्मेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे यांवर चर्चा नाही. पडणारा माणूस आधी हात पुढे करतो, हे माझा तळहात शपथेवर सांगेल. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, टाळूवर मागे सरकवून नव्हे. एकदा जोरात आपटलं की ते टाकायचं, कारण आतला फोम चिरडूनच धक्का खातो, आणि चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही. दोह्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. उन्हाळ्यात हेल्मेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडीतल्या उष्णतेने फोम आणि चिकटवण बिघडतात, आणि वरून काहीच दिसत नाही.

झिकरीतसारख्या दगडाळ, खाचखळग्यांच्या वाटेवर यात गुडघ्यांचे हलके पॅड आणि डोळ्यांवर चष्मा घाला. मदत तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून सोबत दुसरा माणूस आणि चार्ज केलेला फोन हेही संरक्षणाचंच सामान समजा. गावातल्या उद्यानाच्या किंवा अल खोरकडच्या त्या तेहेतीस किलोमीटर लांब डांबरी सायकलमार्गावर गुडघे बांधून फिरण्याची गरज नाही. आणि चेहरा झाकणारं हेल्मेट, छाती-पाठीचं कवच? ते ओमानच्या डोंगरात किंवा सह्याद्रीच्या घाटवाटांवर वेगाने उतरणाऱ्यांनी, उड्या मारणाऱ्यांनी जरूर घालावं. तिथे ते कमी वाटलं तर आणखी घालावं. ज्या देशातलं सर्वांत उंच ठिकाण जेमतेम शंभर मीटर आहे, तिथल्या सपाट वाळूत ते बहुतेक वेळा फोटोपुरतंच कामाचं.

तुम्ही म्हणाल, "माझं डोकं, माझी मर्जी. तुम्ही कोण सांगणार?" मुंबई-पुण्यात हे वाक्य अर्धं तरी खरं असेल. इथे ते साफ खोटं आहे. आपलं या देशातलं राहणं नोकरीवर टांगलेलं आहे. आपल्या परवान्यावर बायको-मुलांचा परवाना उभा आहे, मुलांची शाळा उभी आहे, गावाकडे आईच्या औषधांचा आणि फ्लॅटच्या हप्त्याचा खर्च उभा आहे. डोक्याला मार लागून सहा महिने अंथरुणावर पडलात, तर एका घराचं नाही, दोन देशांतल्या दोन घरांचं छप्पर हलतं. परदेशात एकट्या कमावत्याचं डोकं ही खासगी मालमत्ता राहिलेली नसते. ज्यांचं त्यावर पोट आहे, त्यांना विचारून मर्जी ठरवा.

आणि आता तो हिशोब, जो मला गेला महिनाभर झोपू देत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बकाला आहे. दूध संपलं, कोथिंबीर संपली की आपण फोन करतो, आणि पाच मिनिटांत तिथला पोरगा सायकलवरून दारात हजर होतो. हँडलला दोन्हीकडे पिशव्या. मागे दिवा नाही. डोक्यावर काही नाही. संध्याकाळच्या गर्दीत, कधी उलट्या दिशेनेही, लँड क्रूझरांच्या मधून तो येतो. जे तीन प्रश्न मी तुम्हाला विचारायला लावले, तेच त्याच्यासाठी विचारून पाहा. आपण आठवड्यातून एकदा, पहाटे, रिकाम्या वाळवंटात मऊ वाळूवर पडायला जातो. तो रोज पन्नास वेळा अशा जागी सायकल घालतो जिथे पडणं म्हणजे डांबर आणि गाडीचं चाक. गावाकडे त्याच्यावरही कुणाचं तरी छप्पर उभं आहे. पडण्याच्या हिशोबाने सामान वाटायचं ठरलं, तर पहिलं हेल्मेट कुणाच्या डोक्यावर जायला हवं?

मी मोठा समाजसेवक नाही. गेल्या वर्षभर त्याच्या हातून दूध घेतलं, सुटे पैसे परत घेतले, आणि त्याच्या उघड्या डोक्याकडे कधी पाहिलं नाही. पाहिलं ते माझं स्वतःचं हेल्मेट फुटल्यावर कितीतरी महिन्यांनी. मागच्या आठवड्यात एक हेल्मेट, लाल मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट त्याला नेऊन दिलं. पहिले दोन दिवस त्याने हेल्मेट हँडलला पिशवीसारखं अडकवलं. मालक हसतो म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी मालकाशी बोललो. आता ते डोक्यावर असतं, निदान माझ्या दारात येताना तरी.

हेल्मेट गाडीच्या धडकेसाठी बनलेलं नाही, हे मी वर सांगितलंच आहे. पण कट मारून गेलेल्या गाडीमुळे तोल जाऊन डोकं फुटपाथच्या कडेला आपटणं, याच पडण्यासाठी ते बनलेलं आहे. आणि तो दिवा धडक होण्याआधीच काम करतो.

तेव्हा वाचकहो, येत्या हंगामात खरेदीला निघाल तेव्हा एवढं करा. कोपरांचे पॅड हातात घ्या आणि विचारा, मी शेवटचा कोपरावर कधी पडलो होतो? उत्तर आठवत नसेल तर ते परत फळीवर ठेवा. वाचलेल्या पैशांत एक साधं, ईएन 1078 चा शिक्का असलेलं हेल्मेट आणि एक मागचा दिवा घ्या. तुमच्या दारात रोज सायकलवरून कोण येतं, ते तुम्हाला माहीत आहे. कदाचित त्याचं नाव माहीत नसेल. हेल्मेट देताना ते विचारून घ्या.