बोंडीवरून कूळ ठरत नाही

फिस्कोमिट्रेला पेटन्स हे इवलेसे मॉस प्रयोगशाळांचे फार लाडके. २००८ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि बिया न धरणाऱ्या वनस्पतींचे बरेचसे संशोधन त्याच्याभोवती उभे राहिले. आता वर्गीकरणकार त्याला फिस्कोमिट्रियम पेटन्स म्हणू लागले आहेत, आणि काही प्रयोगशाळांना ते रुचलेले नाही. माझ्या मते हा बदल रास्तच आहे. या मॉसचे कूळ फ्युनॅरिएसी; आपल्याकडे पदवीच्या वर्गात शिकवतात तो फ्युनेरियाही याच कुळातला. या कुळातल्या प्रजाती वेगळ्या करताना भिस्त होती ती बीजाणूंच्या बोंडीवर. फ्युनेरियाच्या बोंडीला झाकण आणि त्याखाली दातांची दुहेरी झालर. फिस्कोमिट्रियमला झाकण आहे, दात नाहीत. फिस्कोमिट्रेलाला दोन्ही नाहीत, तिची बोंडी वेडीवाकडी फुटते. उतरंड सुबक आहे, आणि तिथेच संशय यायला हवा होता. डीएनए ताडून पाहिले तेव्हा फिस्कोमिट्रेलात घातलेल्या जाती एकत्र न येता फिस्कोमिट्रियमच्या वेगवेगळ्या शाखांवर निघाल्या. म्हणजे झाकण एकदा नव्हे, अनेकदा गळाले. तळ्याचे पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या चिखलात ही मॉस उगवतात. पाणी परतण्याआधी सगळे उरकायचे, आणि बीजाणू त्याच चिखलात पडले तरी भागते. ते वाऱ्यावर सोडणारी यंत्रणा तिथे कशाला टिकेल? शिवाय या दोन ‘प्रजातीं’चे संकर निसर्गातही सापडले आहेत.

यावर आक्षेप असा की शोधनिबंध, माहितीकोश, पाठ्यपुस्तके यांत जुने नाव रुजलेले आहे. ते बदलले तर गोंधळ होईल. होईल, पण थोडा. जुने नाव कंसात देऊन तो निभावता येतो. प्रसिद्धी हा नाव राखण्याचा पुरेसा आधार नव्हे. फळमाशीचे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर हे नाव सुरक्षित राहावे म्हणून तीच जाती प्रजातीचा नमुना ठरवा, ही मागणी प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली फेटाळली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रानात भिंग घेऊन फिरणाऱ्याला डीएनए दिसत नाही, बोंडी दिसते. खरे आहे, म्हणून ओळखीच्या तक्त्यात बोंडी राहावीच. पण ओळख पटवणे वेगळे आणि नाते सांगणे वेगळे. आणि ज्याला नवे म्हणून नाके मुरडली जातात ते नाव विल्यम मिटन यांनी १८५१ साली दिलेले आहे. ‘जुने’ फिस्कोमिट्रेला पेटन्स १८४९ चे, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी थोरले.