तबकडी कपाटासाठी नव्हे, कानांसाठी

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांत दोन पंथ आढळतात. एक पंथ तबकडी पाकिटात घालून ठेवतो व तिला कोणाला हात लावू देत नाही. दुसरा ती वाजवितो, तिच्यावरील ध्वनीची प्रत काढतो आणि चार जणांना ऐकवितो. पहिला स्वतःला जतन करणारा समजतो. आमचे म्हणणे असे की, खरे जतन दुसऱ्याच्याच हातून होते. अमेरिकेतील जुन्या नाताळगीतांच्या तबकड्या याचा चांगला पुरावा आहेत.

‘व्हाइट ख्रिसमस’ हे गीत घ्या. अर्व्हिंग बर्लिन यांची ही रचना बिंग क्रॉस्बी यांनी २९ मे १९४२ रोजी डेक्का कंपनीसाठी गायिली. त्या काळी गाण्याची मूळ चकती विजेच्या साहाय्याने धातूत उतरवीत, त्यावरून साचे बनवीत आणि साच्यांनी तबकड्या छापीत. या गाण्याला मागणी एवढी आली की, सततच्या वापराने मूळ धातूचा साचाच खराब झाला. अखेर मार्च १९४७ मध्ये तोच वाद्यवृंद आणि तेच साथीचे गायक घेऊन क्रॉस्बींना गाणे पुन्हा म्हणावे लागले. आज बहुतेकांच्या कानी पडते ते हे दुसरे मुद्रण होय.

मग १९४२ चे मुद्रण नाहीसे झाले काय? नाही. साचा झिजला, पण तोवर तो आवाज असंख्य तबकड्यांवर उतरून घरोघर पोहोचला होता. याउलट १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि मूळ ध्वनिफितींचे एक कोठार जळाले. एकाच ठिकाणी असलेली वस्तू एका अपघाताने जाते. जिच्या प्रती पसरतात ती टिकते.

या गोष्टीत आपल्या देशाचाही वाटा आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांत दगडाची बारीक पूड लाखेने बांधलेली असे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा स्राव. जगाला ती मुख्यतः भारतच पुरवी. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा धोक्यात आला, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली. जुन्या तबकड्या गोळा करून, दळून त्यांच्या नव्या बनविल्या गेल्या. त्या दळणात कोणकोणते आवाज गेले, ते आता कोण सांगणार?

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची लाँग-प्ले तबकडी आणली. नाताळगीतांचा सबंध संच एकाच तबकडीत मावू लागला. १९६१ पासून गुडइयर ही टायर बनविणारी कंपनी नाताळात अशी तबकडी आपल्या दुकानांतून एका डॉलरला विकू लागली. टायरच्या दुकानातील स्वस्त तबकडी जपून ठेवावी असे कोणत्या विद्वानाला वाटणार? पण त्या काळचा सामान्य माणूस काय ऐकत होता, हे अशाच तबकड्यांवरून कळते. त्या राखल्या हौशी माणसांनी.

कोणी म्हणेल, सुई फिरली की खाच झिजते. खरे आहे. म्हणूनच मोजक्या वेळा, पण नीट वाजवून प्रत काढावी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे ०.०७५ मिलिमीटर त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, लाँग-प्लेला ०.०२५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाला टेकते आणि खरखर वाढते. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. शिवाय न वाजविलेली तबकडीही अमर नसते. उन्हाने व्हिनाइल वाकते आणि लाखेची तबकडी पडली की फुटते.

दुसरा आक्षेप कायद्याचा. तो झटकून टाकण्याजोगा नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे आणि गीत-संगीतावरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. बर्लिन १९८९ मध्ये वारले. तेव्हा त्यांचे गीत अजून मोकळे नाही. ज्यांची मुदत संपली ती गाणी खुशाल वाटावीत, इतरांसाठी परवानगी घ्यावी. मात्र शाळेच्या उपक्रमात केवळ विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुरती ध्वनिमुद्रिका वाजविण्यास आपला कायदा मोकळीक देतो. शिक्षकांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या माळ्यावर तबकड्या असतील, मग त्या नाताळगीतांच्या असोत वा नाट्यगीतांच्या, त्या आधी उभ्या रचून ठेवा. लेबलावरील मजकूर आणि लेबलालगत कोरलेला क्रमांक वहीत उतरवून घ्या. एकाच गाण्याची दोन मुद्रणे ओळखण्यास तोच उपयोगी पडतो. मग जाणत्या माणसाच्या मदतीने प्रत काढा आणि ती नोंदीसह दुसऱ्या कोणापाशी तरी ठेवा. नोंदीवाचून प्रत मुकी आणि प्रतीवाचून तबकडी एकाकी. दोन्ही असतील तरच आवाज पुढच्या पिढीच्या कानी पडेल.