संग्रह संगणकात, बाळकुम नकाशाबाहेर

सांस्कृतिक ठेवा संगणकात गेला म्हणजे तो जनतेचा झाला, असा सोयीस्कर समज शासकीय वर्तुळात रूढ झाला आहे. पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही प्रणाली तयार केली. केंद्र सरकारच्या संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे व नोंदी तीमुळे घरबसल्या पाहता येतात. हे काम मोलाचेच आहे. परंतु नोंदींचा ढीग म्हणजे इतिहास नव्हे.

ठाण्याच्या खाडीकाठचे बाळकुम घ्या. शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना १७८७ मध्ये मिळाला. त्याचे वाचन वा. वि. मिराशींच्या १९७७ च्या ग्रंथात आहे. अंबरनाथचे १०६० चे देऊळ पुरातत्त्व खात्याकडे. सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख मुंबईच्या संग्रहालयात. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली. एकाच मुलखाची ही साधने, पण प्रत्येकाचे कपाट निराळे. शिलाहारांचे श्रीस्थानक, इंग्रजांचे ठाणा आणि आजचे ठाणे हे एकच गाव आहे, एवढेही कोणी सांगितल्याखेरीज संगणकाला कळत नाही!

या नोंदींना समान स्थलनाम व काल देऊन त्या एका नकाशावर मांडल्या, तर खाडीने आणलेला व्यापार, त्या व्यापारावर पोसलेली राज्ये, १८५३ ची रेल्वे आणि नंतरचे कारखाने यांची साखळी शाळकरी मुलालाही दिसेल. राजाने गाव दान दिले, हे ताम्रपट सांगतो. त्या गावची जमीन कसणाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न नकाशा पाहणारा विचारू लागेल.

मात्र येथेच खरी मेख आहे. जे कोणत्याच संग्रहात नाही, ते नकाशावर येणार कोठून? मिठागरांत राबलेले आगरी, खाडीत जाळे टाकणारे कोळी, लग्नात धवले गाणाऱ्या धवलारिणी यांना संग्रहालयांच्या यादीत कितीसे स्थान आहे? राजे, देवळे व दाते यांनीच भरलेला नकाशा कितीही सुबक रंगवला, तरी तो जुन्या मिरासदारीचेच नवे चित्र ठरेल. म्हणून अशा नकाशावर रिकाम्या जागा रिकाम्याच दाखविल्या पाहिजेत.

ठाणे महानगरपालिकेने १८९३ पासून उभ्या असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांना सोबत घेऊन हे काम अंगावर घ्यावे. असा पहिला नकाशा बाळकुमच्या शाळेच्या भिंतीवर लागावा. आणि धवलारिणींचे ध्वनिमुद्रण त्याआधी व्हावे. ताम्रपट थांबू शकतो, त्या वृद्धा थांबू शकत नाहीत.