ग्रंथ कपाटात, इतिहास वाऱ्यावर!

प्रकाशित होण्यापूर्वीच ज्या ग्रंथावर ब्रिटिश साम्राज्याने बंदी घातली, तो ग्रंथ आज राजरोस विकत मिळतो. आणि तरीही तो वाचला जात नाही! पंचविशीतल्या विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये इंग्रजांचीच कागदपत्रे धुंडाळून '१८५७ चे स्वातंत्र्यसमर' सिद्ध केले. मूळ मराठी ग्रंथ छापणे अशक्य झाले. इंग्रजी भाषांतर १९०९ मध्ये हॉलंडमध्ये छापावे लागले. बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले. त्या सदतीस वर्षांत क्रांतिकारकांनी हा ग्रंथ लपवून, जोखीम पत्करून वाचला. आज ना बंदी आहे, ना झडती. परंतु साम्राज्याच्या हुकमाला जे साधले नाही, ते स्वकीयांच्या आळसाने साधले आहे.

२००४ मध्ये अंदमानच्या सेल्युलर कारागृहातील स्वातंत्र्यज्योतीवरून सावरकरांच्या वचनाची पट्टिका हटविण्यात आली. महाराष्ट्रात निदर्शने झाली आणि तो संताप न्याय्यच होता. २०१५ मध्ये पट्टिका पुन्हा बसली. पण त्या दिवसांत घोषणा देणाऱ्या कंठांपैकी कितींनी 'माझी जन्मठेप' अखेरच्या पानापर्यंत वाचली होती? पट्टिका हटविता येते. वाचकाच्या मनात उतरलेला ग्रंथ कोणत्याही मंत्र्याला हटविता येत नाही.

स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास सरकारी कृपेने लिहिला गेला की काय होते, याचा दाखला डॉ. रमेशचंद्र मजुमदार यांच्या अनुभवात आहे. केंद्र सरकारने हा इतिहास सिद्ध करण्यासाठी संपादक मंडळ नेमले. मजुमदार त्यात अग्रभागी होते. मतभेद झाले, मंडळ गुंडाळले गेले आणि काम डॉ. ताराचंद यांच्याकडे सोपविले गेले. मजुमदारांनी रडगाणे गायिले नाही. वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी स्वतंत्रपणे तीन खंड लिहून १९६२-६३ मध्ये प्रसिद्ध केले. सरकारी इतिहासाला उत्तर कसे द्यावे, याचा हा वस्तुपाठ होय. ग्रंथाला उत्तर ग्रंथानेच द्यावे लागते.

येथे एक गोष्ट राष्ट्रीय विचारांच्या वाचकाने मुद्दाम ध्यानी घ्यावी. याच मजुमदारांनी १९५७ मध्ये सत्तावन्नच्या उठावावर ग्रंथ लिहून, त्याला राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणण्यास नकार दिला. म्हणजे सावरकर आणि मजुमदार या प्रश्नावर परस्परांच्या विरुद्ध उभे आहेत. मग कोणाला वगळायचे? कोणालाच नाही! दोघांनाही वाचून, पुरावे तोलून स्वतःचे मत बनविणारा कार्यकर्ताच वादसभेत टिकतो. एकाचे केवळ नाव घेणारा पहिल्याच प्रतिप्रश्नाला गारद होतो आणि स्वतःबरोबर विचारालाही हास्यास्पद करतो.

मूळ ग्रंथाकडे जाण्याचा आग्रह का, हे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' सांगतो. द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेलेल्या या भिक्षुकाने झाशीचा प्रलय प्रत्यक्ष पाहिला. त्यांची हकीकत १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केली, ती बरेच फेरफार करून. मूळ संहिता वाचकांच्या हाती पडली ती दत्तो वामन पोतदारांच्या परिश्रमाने, १९६६ मध्ये. सद्हेतूने फिरलेली लेखणीही साक्षीदाराचे शब्द बदलते, तर भ्रमणध्वनीवर आलेल्या निनावी मजकुराची काय कथा! आज अनेक सुशिक्षित घरांत इतिहास येतो तो याच मार्गाने. ना लेखक, ना पुरावा, ना साल. पाठ्यपुस्तकांतील विकृतीवर बोट ठेवणाऱ्यांनी ही भेसळ मात्र खुशाल पचवावी, हा कोणता न्याय?

मुलामुलींच्या शिकवणीवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या घराला वर्षाकाठी चार ग्रंथ परवडत नाहीत, हे कोणी मान्य करणार नाही. वाढदिवसाला ग्रंथ द्यावा, आठवड्यातून एकदा रात्रीच्या जेवणानंतर दहा पाने मोठ्याने वाचावीत. शाखेतील बौद्धिकाला येणाऱ्याने एक प्रकरण वाचूनच यावे. पुतळ्याला हार घालण्यास पाच मिनिटे पुरतात. ज्यांचा पुतळा उभारला, त्यांनी काय लिहिले हे जाणण्यास काही रात्री द्याव्या लागतात. तेवढेही न देणाऱ्या समाजाचा इतिहास इतरेजन लिहितात, आणि तो त्याला निमूटपणे वाचावा लागतो!