मुक्या जनावरांची तपासणी : चैन की गरज?

माणूस आजारी पडला तर 'इथे दुखते' असे सांगू शकतो. मुक्या जनावराला ती सोय नाही. त्याचे दुखणे नेमके कळायचे तर रक्त, दूध, शेण तपासावे लागते. ठाणे-डोंबिवलीत पाळीव कुत्र्या-मांजरांचे रक्त आता तपासून मिळते. काचपट्टीवरच्या थेंबात गोचीडतापाचे जंतू वेळेवर दिसले तर कुत्रा वाचतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आमच्या वस्तीत हा विषय काढला की लोक हसतात. "इथे माणसांच्या तपासणीला पैसे नाहीत, जनावरांचे कसले लाड?" प्रश्न बिनतोड वाटतो खरा, पण मला तो पटत नाही.

माझे वडील कल्याणला एका तबेल्यात धारा काढतात. गेल्या वर्षी तिथली एक म्हैस सातव्या महिन्यात गाभडली. अडकलेली वार वडिलांनी उघड्या हातांनी काढली. तपासणी काही झाली नाही. मालकाने म्हैस पुढच्या बाजारात विकून टाकली. जनावर गाभडण्याची कारणे अनेक असतात. त्यांतले एक, ब्रुसेलोसिस, माणसालाही जडते. मग ताप फिरून फिरून येतो, सांधे धरतात आणि माणूस साध्या तापाच्या गोळ्या खात राहतो.

या रोगाची पहिली तपासणी किती सोपी आहे पाहा! जनावराच्या रक्तातील पातळ द्रवाचा एक थेंब काचेवर घ्यायचा, त्यात गुलाबी औषधाचा एक थेंब मिसळायचा. रोगाचा संशय असेल तर ४ मिनिटांत गुठळ्या दिसतात. मग पुढची तपासणी करून खात्री करायची.

सरकार स्वस्थ बसले आहे असे मी म्हणत नाही. २०१९ साली केंद्राने ब्रुसेलोसिसविरुद्ध लसीकरणाची मोहीम सुरू केली. पण ती लस ४ ते ८ महिन्यांच्या वासऱ्या-पारड्यांसाठी. दुभत्या म्हशीचे काय? फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे, सुमारे १०० कोंबड्या मेल्या. नमुने पुण्याला गेले, बर्ड फ्लू निघाला आणि सुमारे २५,००० पक्षी मारण्याचे ठरले. कोंबड्या पटापट मेल्या म्हणून यंत्रणा धावली. गाभडलेली म्हैस मरत नाही, पुढे दूधही देते. म्हणून तिची आठवण कुणाला होत नाही.

तेव्हा महापालिका आणि पशुसंवर्धन खाते यांनी मिळून तबेल्या-तबेल्यांतून नमुने गोळा करावेत. गाभडलेल्या प्रत्येक जनावराचे रक्त तपासावे. रोगी जनावर निघाल्यास मालकाला भरपाई द्यावी, नाहीतर तो रोग लपवील. आणि धारा काढणाऱ्यांना हातमोजे मिळावेत.

वाचकहो, दूध उकळले की हे जंतू मरतात. चहा पिणारा त्यामुळे सुटतो; धार काढणारा सुटत नाही. मग या तपासणीला चैन कोणत्या तोंडाने म्हणायचे?