टायरची नक्षी सगळे पाहतात, तारीख कोण पाहणार?

गंगाखेड : गाळप हंगाम सुरू झाला की तालुक्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एका हेडला दोन ट्रॉल्या, फळ्यांच्या वर हातभर गेलेला ऊस, आणि मधूनच कुठंतरी चाकाला दगड लावून उभी राहिलेली, एका अंगाला कललेली ट्रॉली. विचारलं की उत्तर ठरलेलं, "टायर बसलं." मग लोड जास्त होता, खड्डा होता, हवा कमी होती, अशी चर्चा होते. टायर किती सालचं होतं हे मात्र कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा मालकालाही ते ठाऊक नसतं.

खरं तर ते टायरवरच लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांच्या ओळीत, बहुतेक वेळा लांबट गोलात, चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. 3519 असेल तर 2019 सालचा 35 वा आठवडा, म्हणजे ऑगस्टची अखेर. ही तारीख पुष्कळदा एकाच बाजूला असते. ती बाजू आतल्या अंगाला बसवली की चाकाखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. म्हणून टायर डिस्कवर चढवायच्या आधी दुकानातच दोन्ही बाजू फिरवून बघायला पाहिजे.

हा 3519 आकडा माझ्याच ट्रॉलीचा आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये नवं म्हणून जोडी घेतली. काळंभोर, चकचकीत, वर कागदी लेबल. घरी आल्यावर पुतण्यानं आकडा वाचून दाखवला. दुकानदाराकडं परत गेलो तर म्हणाला, "गोदामात होतं ना, पळालं कुठं? नवंच आहे." दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण चूक अर्धी माझी. मी नक्षीत बोट घालून खोली बघितली, भाव केला, आणि पैसे देऊन निघालो.

दुकानदाराचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. थंड, अंधाऱ्या जागेत नीट ठेवलेलं टायर लवकर खराब होत नाही. वर्ष-दीड वर्षाच्या टायरवरून कटकट करण्यात अर्थ नाही. पण पत्र्याचं शेड आणि मे महिन्यात 43-44 अंशांवर जाणारा परभणीचा पारा, हे काही थंड गोदाम नव्हे. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन-ओझोन रबराला कडक करत जातात. रबर तडकू नये म्हणून त्यात मेणासारखे घटक मिसळलेले असतात. टायर चाललं, दबलं, वाकलं की ते वर येतात आणि थर धरतात. उभ्या गाडीत हे काम नीट होत नाही.

आपली खरी अडचण इथंच आहे. ट्रक रोज पळतो, त्याचं टायर झिजून संपतं. आपली ट्रॉली हंगामाचे चार महिने चालते आणि उरलेलं वर्ष बांधावर, नाहीतर लिंबाखाली उन्हातान्हात उभी असते. तिची नक्षी आठ वर्षांनीही शाबूत दिसते. आपण म्हणतो, "अजून दोन हंगाम जातील." आतलं रबर मात्र सुटत आलेलं असतं. टायरगाडीचंही तसंच. जी टायरं ट्रकला नको झाली ती बैलाच्या मागं येतात.

रिमोल्डमध्ये तर आणखी फसगत होते. वरचा पट्टा नवा, खालचा सांगाडा जुना. बाजूची तारीख मूळ सांगाड्याची असते, आणि ग्राहक बघतो वरचा पट्टा. रिमोल्ड वाईट असतं असं नाही, पण पंधरा वर्षांच्या सांगाड्यावर नवा पट्टा चढवून अख्ख्या उसाचा लोड टाकायचा का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

कायदाही झीजच बघतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकी-तीनचाकीला 0.8 मिलिमीटर आणि इतर वाहनांना 1.6 मिलिमीटर नक्षी लागते. वयाची मर्यादा त्या नियमात नाही. समृद्धी महामार्गावर 2023 मध्ये परिवहन विभागानं टायर तपासणी सुरू केली, तेव्हाही गुळगुळीत टायरांच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. ते चांगलंच झालं, पण नक्षी असलेलं म्हातारं टायर अशा तपासणीतून सहज निसटतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून 25 जणांचा जीव गेला, तेव्हा चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे 'टायर फुटलं' हे कारण कधी खरं असतं, कधी अंगावरचं झटकायला बरं पडतं. दोन्ही वेळा टायरची तारीख लिहून घेतलेली असेल तर निदान बोलायला आधार राहतो.

किती वर्षं चालवायचं? अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. टायर कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षं सांगतात, त्यात स्टेपनीही आली. उन्हात उभ्या ट्रॉलीला मी तरी सहाच धरतो. नुसतं वय बघूनही भागत नाही. बाजूला केसासारख्या भेगा, फुगवटा, नखानं दाबलं तर लाकडासारखं कडक लागणं, हे बघायचं. काळं पॉलिश मारलेलं असेल तर आधी ओल्या फडक्यानं पुसायला लावायचं.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला आहे. ट्रॉलीला आपण ट्रकचं टायर घेतो, त्यावर 28 चा 18 झाला. हे दोन दर एकच समजून भांडू नका. पण पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचा नंबर आणि ते चार आकडे लिहून घ्या. वॉरंटी बनल्याच्या तारखेपासून की बिलाच्या, तेही विचारा. "बिल कशाला, दोनशे कमी करतो" म्हणणाऱ्याकडं जुना माल असण्याची शक्यता जास्त.

ट्रॉलीचं टायर फुटून लगेच माणूस दगावतो असं सहसा होत नाही. ट्रॉली रात्री रस्त्यातच उभी राहते, मागं रिफ्लेक्टर नसतो, आणि अंधारात दुचाकीवाला येऊन धडकतो. ती बातमी पाठवताना आम्ही 'उभ्या ट्रॉलीला धडक' एवढंच लिहितो. ट्रॉली का उभी होती, हे मीही आजवर फारसं विचारलं नव्हतं. या हंगामात विचारणार आहे, आणि आकडाही वाचून घेणार आहे.