अंदाजपत्रकाचा पहिला रकाना

मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे अंदाजपत्रक अधिसभेपुढे येते आणि दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातल्या चहाच्या टपऱ्यांवर तुटीच्या आकड्याची चर्चा रंगते. मला त्या तुटीची धास्ती वाटत नाही. विद्यापीठांची कागदावरची तूट पुष्कळदा वर्षअखेर आपोआप आटते, कारण ठरलेला खर्चच झालेला नसतो. धास्ती वाटावी ती या न झालेल्या खर्चाची.

23 ऑगस्ट 1958 ला हे विद्यापीठ स्थापन झाले. तोवर मराठवाड्यातली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती. जमीन, इमारती, ग्रंथालय, विभाग, सगळेच नव्याने उभारायचे होते. त्यामुळे पैसा कशावर घालायचा हे पहिले कुलगुरू डोंगरकेरींना कुणी सांगावे लागले नसणार. 1994 उजाडले, 14 जानेवारीला नामविस्तार होऊन ‘मराठवाडा विद्यापीठा’ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लागले. दीर्घ लढ्याचे ते फळ. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले, तेही रास्तच. पण नांदेड, परभणी, लातूरकडची महाविद्यालये गेली, त्यांच्याबरोबर परीक्षा शुल्क आणि संलग्नीकरण शुल्कही गेले. इथल्या इमारतींची डागडुजी मात्र कुठे गेली नाही. पुढे धाराशिवच्या उपपरिसराचाही खर्च आला.

मंजूर पदांचा पगार शासन देते. प्राध्यापक निवृत्त झाला की जागा भरायला शासनाची परवानगी लागते. ती येईपर्यंत तासिका तत्त्वावरचा माणूस शिकवतो. हातात उरतो तो स्वनिधी, म्हणजे मुख्यतः पोरांनी भरलेले शुल्क. त्यातून उत्तरपत्रिका छापायच्या, तपासनिसांचे मानधन द्यायचे. परीक्षा काही पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. ग्रंथालयाची खरेदी येते, ‘कमवा व शिका’च्या पोरांचे मानधन वाढवणेही येते. बांधकामाला निदान कोनशिला तरी असते. नियतकालिकाची वर्गणी वेळेवर भरली म्हणून कुणी फीत कापल्याचे ऐकिवात नाही.

अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेत प्रत्येक बाबीपुढे रकाने असतात: मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढची तरतूद. बातमी होते शेवटच्या रकान्याची. विद्यापीठाला काय महत्त्वाचे वाटले ते कळते पहिल्या रकान्यात. दहा वर्षांच्या पुस्तिका शेजारी ठेवून ग्रंथालय, संशोधन, वसतिगृहे आणि बांधकाम एवढ्या चारच ओळी वाचा.

नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर दहा जण निवडून देतात. शहागंजात त्यांचे मतदार कमी नाहीत. पुढच्या वेळी मत मागायला आले, की त्यांना एवढेच विचारा: गेल्या वर्षी ग्रंथालयासाठी ठेवले किती, आणि खर्च झाले किती?

— शहागंजकर